पृष्ठक्रियाकारकांचे वायु-वर्णलेखन : अनुजातांच्या ग्राह्यतेचा विचार

पृष्ठक्रियाकारकांच्या वायु-वर्णलेखनावरील वाङ्मय चाळले असता एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. रेणू बाष्पनशील कसा करावा, याची चर्चा त्यात विपुल आहे. परंतु बाष्पनशील होताना त्या रेणूने काय गमावले आणि जे गमावले त्यावाचून काढलेला निष्कर्ष कितपत टिकतो, हा प्रश्न बहुधा एखाद्या ओळीत उरकला जातो. विश्लेषणासाठी घेतलेले द्रव्य आणि स्तंभातून प्रत्यक्ष बाहेर पडणारे द्रव्य ही येथे दोन भिन्न द्रव्ये असतात. दुसऱ्याच्या साक्षीवरून पहिल्याविषयी निर्णय द्यावयाचा असतो. ही साक्ष कोणत्या बाबतीत ग्राह्य धरावी व कोणत्या बाबतीत धरू नये, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

अडचणीचे मूळ या द्रव्यांच्या घडणीतच आहे. रेणूचे एक टोक जलविरोधी हायड्रोकार्बन साखळीचे आणि दुसरे जलस्नेही गटाचे, हीच पृष्ठक्रियेची अट होय. जलस्नेही गट आयनयुक्त असेल तर द्रव्य लवणस्वरूप होते व बाष्परूप घेण्यापूर्वीच तापून तुटते. सोडियम डोडेसिल सल्फेटचे हेच होते. तो गट आयनरहित, म्हणजे पॉलिऑक्सिएथिलिन साखळीचा असेल, तर लवणाची अडचण उरत नाही. पण साखळीच्या प्रत्येक दुव्यागणिक रेणुभार ४४ ने वाढत जातो आणि शेवटचा हायड्रॉक्सिल गट हायड्रोजन बंधांनी शेजाऱ्याला धरून ठेवतो. म्हणजे ज्या गुणामुळे हे द्रव्य मळ काढते, नेमका तोच गुण त्याला वर्णलेखकाच्या स्तंभात जाऊ देत नाही. म्हणून जलस्नेही टोकावर रासायनिक क्रिया करून ते निष्प्रभ करणे, अथवा ते तोडूनच टाकणे, हे दोनच मार्ग उरतात. यांतील पहिल्यास आच्छादन व दुसऱ्यास छेदन म्हणता येईल. वाङ्मयात दोहोंनाही ‘अनुजात बनविणे’ या एकाच नावाखाली घातले जाते व तेथूनच घोटाळ्यास आरंभ होतो.

साबणाचे उदाहरण सर्वांत जुने व सर्वांत सोपे. जेम्स आणि मार्टिन यांनी १९५२ मध्ये वायु-द्रव वर्णलेखनाची पद्धती प्रसिद्ध केली, ती मेदाम्लांवरच. तेथे लघुसाखळीची आम्ले कोणतेही अनुजात न बनविता स्तंभातून नेऊन अनुमापनाने मोजली होती. साबणातील बारा ते अठरा कार्बनांच्या आम्लांना मिथिल एस्टर करून घेणे लवकरच सर्वमान्य झाले, आणि १९६१ मध्ये मेटकाफ व श्मिट्झ यांनी बोरॉन ट्रायफ्लुओराइड-मिथॅनॉलचा उपयोग दाखविल्यानंतर ते काम मिनिटांचे झाले. या अनुजातात साखळीची लांबी व असंपृक्तता सुरक्षित राहते. खोबरेल तेलाचा साबण व चरबीचा साबण सहज ओळखू येतो. तथापि सांडपाण्याच्या गाळात साबण किती, असा प्रश्न असेल तर हीच पद्धती दिशाभूल करते. गाळात कॅल्शियमच्या साबणाबरोबर स्वयंपाकघरातील तेलतुपाचे ग्लिसराइडही असते, आणि अनेक प्रचलित कृतींत दोहोंचा शेवट एकाच मिथिल एस्टरात होतो. आधी योग्य विद्रावकाने मेद काढून, मागे राहिलेला साबण नंतर आम्लाने मोकळा केला, तरच आकड्याला अर्थ येतो. भेद राखण्याचे काम येथे निष्कर्षण करते, वर्णलेखन नव्हे. हे ज्यांनी ध्यानात घेतलेले नाही, त्यांच्या साबणाच्या आकड्यांत खाणावळीचे तेल मिसळलेले आहे असे समजावे.

खरा कसोटीचा विषय म्हणजे अल्किलबेंझीन सल्फोनेटे. टेट्राप्रोपिलिनपासून केलेल्या शाखायुक्त सल्फोनेटांनी १९५० नंतरच्या दशकात युरोप-अमेरिकेतील नद्यांवर फेस आणला. पश्चिम जर्मनीने १९६१ मध्ये कायदा करून १९६४ पासून विघटनशीलतेची अट घातली व अमेरिकेतील उत्पादक १९६५ मध्ये सरळ साखळीच्या सल्फोनेटांकडे वळले. या काळात नदीतील प्रक्षालक मोजण्याचे सर्वमान्य साधन मिथिलिन ब्लू हे होते. त्या रंजकाशी जोडी करून क्लोरोफॉर्ममध्ये उतरणाऱ्या सर्व ऋणायनी द्रव्यांची ती एकत्र बेरीज देते. सरळ साखळी किती, शाखायुक्त किती, कोणता समघटक उरला व कोणता गेला, याविषयी ती मुकी आहे. उलट वायु-वर्णलेखनाने नेमके हेच सांगावे अशी अपेक्षा होती. नाइट व हाउस यांनी १९५९ मध्ये फॉस्फरिक अम्लाच्या साहाय्याने सल्फोनिक गट काढून टाकून उरलेले अल्किलबेंझीन स्तंभातून नेले; सेट्झकॉर्न व कॅरेल यांनी १९६३ मध्ये तीच कृती सूक्ष्म प्रमाणावर आणली. दरम्यान कर्कलंड यांनी १९६० मध्ये सल्फोनिक गट न तोडता त्याचेच बाष्पनशील अनुजात करण्याचा पर्याय मांडला होता. छेदन आणि आच्छादन हे दोन मार्ग अशा रीतीने जवळजवळ एकाच वेळी उपलब्ध झाले.

छेदनाच्या बाजूने पुष्कळ सांगण्यासारखे आहे. व्यापारी सरळ सल्फोनेटात दहा ते तेरा कार्बनांच्या साखळ्या असतात. बेंझीनचे वलय साखळीच्या टोकाच्या कार्बनाला सहसा जोडलेले नसते. दहा कार्बनांच्या साखळीत त्याला चार वेगळी स्थाने मिळतात, अकरा व बारा कार्बनांच्या साखळ्यांत प्रत्येकी पाच, तेरांच्या साखळीत सहा. एकूण वीस समघटक. सल्फोनिक गट काढलेली ही वीस अल्किलबेंझिने केशनलिकेच्या स्तंभावर बव्हंशी वेगळी होतात. हे वैभव लहान नाही. दोन क्रमांकाच्या कार्बनाला वलय असणाऱ्या समघटकांचे प्रमाण पाहून मूळ हायड्रोकार्बन हायड्रोजन फ्लुओराइडच्या उत्प्रेरणाने बनले की अॅल्युमिनियम क्लोराइडच्या, याचा अंदाज बांधता येतो. दुसऱ्या रीतीत ते प्रमाण स्पष्टपणे अधिक असते. स्विशर यांचा ‘अंतराचा नियम’ही याच वर्णलेखांवर उभा आहे. सल्फोनेट गट साखळीच्या दूरच्या टोकापासून जितका लांब, तितका जीवाणूंचा हल्ला त्वरेने होतो. म्हणून लांब साखळीचे व टोकाजवळ वलय असलेले समघटक प्रथम नाहीसे होतात व साखळीच्या मध्यावर वलय असलेले मागे रेंगाळतात. माशांना अधिक घातक असणारे समघटकही नेमके पहिल्या वर्गातले आहेत. तेव्हा नदीत खाली वाहत जाताना सल्फोनेटाचे प्रमाणच कमी होते असे नाही, तर उरलेल्याचे स्वरूपही पालटते. मिथिलिन ब्लूच्या एका आकड्यात हे कधीच दिसले नसते.

परंतु ज्या गटामुळे हे द्रव्य सल्फोनेट ठरते, तो गटच या पद्धतीत पहिल्या तासात उडून जातो. परिणामी स्तंभातून निघालेले अल्किलबेंझीन मुळात सल्फोनेट होते की आधीपासूनच अल्किलबेंझीन होते, हे त्याच्याकडे पाहून सांगता येत नाही. सल्फोनीभवन कधीच पूर्णत्वास जात नाही. थोडे अल्किलबेंझीन प्रक्षालकाबरोबर घराघरांतून गटारात जाते, आणि पाण्यात न विरघळणारे असल्यामुळे गाळात व नदीतळाच्या मातीत साठते. छेदनापूर्वी ते पेट्रोलियम ईथरने काढले नाही, तर मातीतील सल्फोनेटाचा आकडा फुगतो. हे काढले असे लिहिणारे निबंध अनेक. काढल्यानंतर मागे किती राहिले, याची कोरी परीक्षा देणारे थोडे. दुसरी उणीव अधिक सूक्ष्म आहे. विघटनात जीवाणू साखळी टोकाकडून खात जातात व कार्बॉक्सिल गट असलेली सल्फोफेनिल आम्ले मागे ठेवतात. छेदनानंतर हायड्रोकार्बनांसाठी योजलेल्या निष्कर्षणात ही आम्ले सापडत नाहीत. अशा वर्णलेखावरून ‘सल्फोनेट नाहीसे झाले’ असे म्हणणे योग्य, परंतु ‘विघटन पूर्ण झाले’ असे म्हणणे सर्वथा अयोग्य होय. प्राथमिक विघटन व अंतिम विघटन यांतील सीमारेषा या ठिकाणी विश्लेषकाच्या निष्काळजीपणाने पुसली जाते, आणि पुढे तोच आकडा नियम करणाऱ्यांच्या टेबलावर जातो.

तिसरी शंका म्हणजे तप्त फॉस्फरिक अम्लात दोनशे अंशांच्या आसपास साखळीतील वलयाचे स्थान ढळत नाही काय? समघटकांचे प्रमाण हेच जर फलित असेल, तर हा प्रश्न गौण मानता येत नाही. शाखायुक्त साखळीत, जेथे वलय तृतीयक कार्बनाला जोडलेले असते, तेथे साखळीच तुटण्याची भीती आणखी. यावरचा उपाय साधा आहे : एकच शुद्ध समघटक घेऊन त्यावर संपूर्ण कृती करावी व दुसरे शिखर उमटते की नाही हे पाहावे. अशी परीक्षा ज्याने दिली नाही, त्याने समघटकांच्या प्रमाणावरून जीवाणूंच्या आवडीनिवडी सांगू नयेत.

आच्छादनाच्या मार्गाने हे दोष बरेचसे टळतात. मॅकएव्हॉय व गिगर यांनी १९८६ मध्ये गाळातील सल्फोनेटांवर फॉस्फरस पेंटाक्लोराइडची क्रिया करून सल्फोनिल क्लोराइडे बनविली व ती वस्तुमान-वर्णपटमापकाने ओळखली. गंधक रेणूत कायम राहिल्याने मूळच्या अल्किलबेंझिनाशी गल्लत होण्याचा संभव नाही. मात्र सल्फोनिल क्लोराइड हे नाजूक अनुजात आहे. ओलाव्याने ते पुन्हा आम्ल होते. ट्रेही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये त्यापुढे एक पायरी टाकून ट्रायफ्लुओरोएथिल एस्टर केला. फ्लोरिनामुळे अनुजात स्थिर व बाष्पनशील झाले, शोधकाची संवेदनशीलता वाढली आणि अल्किलबेंझिनाबरोबर येणारी डायअल्किलटेट्रालिन सल्फोनेटेही निराळी दाखविता आली. १९९२ मध्ये फील्ड, गिगर व इतरांनी टेट्राब्युटिल अमोनियमशी आयनजोडी करून, कार्बन डायऑक्साइडच्या अतिक्रांतिक द्रवाने गाळातून ती काढून, वर्णलेखकाच्या तप्त प्रवेशद्वारातच ब्युटिल एस्टर बनविला. कृतीच्या पायऱ्या कमी झाल्या, हा मोठा लाभ. तरी प्रवेशद्वारातील क्रिया ही डोळ्याआडची क्रिया आहे. तेथील काचनळी जुनी झाली, तिच्यात गाळाचा कीट साठला, तर उतारा हळूहळू घसरतो आणि वर्णलेख वरकरणी निर्दोषच दिसत राहतो. प्रत्येक मालिकेत आधी, मध्ये व शेवटी प्रमाणद्रव्य घालणे हाच यावर उपाय.

अनायनी द्रव्यांत प्रश्नाचे रूप बदलते. अल्कोहॉल इथॉक्सिलेट हे मिश्रणांचे मिश्रण आहे : अल्किल साखळी बारा ते अठरा कार्बनांची, इथॉक्सी दुवे शून्यापासून वीसपर्यंत. येथील प्रचलित आच्छादन म्हणजे सिलिलीकरण. शेवटच्या हायड्रॉक्सिलवर ट्रायमिथिलसिलिल गट बसतो व हायड्रोजन बंध सुटतो. पण रेणूचा भार ७२ ने वाढतो, ईथर साखळी तशीच राहते. बारा कार्बन व आठ दुवे असलेल्या रेणूचा भार ५३८ आहे, तो ६१० होतो. तेव्हा लहान साखळ्या उत्तम प्रकारे वेगळ्या होतात, मोठ्या उशिरा व पसरून येतात, आणि त्याहून मोठ्या बाहेर पडतच नाहीत. जे बाहेर पडले नाही ते वर्णलेखात दिसत नाही. आणि जे दिसत नाही ते नाहीच, असे मानून उरलेल्यांची बेरीज शंभर करण्याचा प्रघात आहे. तो सोडला पाहिजे.

याहून अधिक दुर्लक्षित दोष शोधकाचा आहे. ज्योत-आयनन शोधक वजन मोजत नाही. तो ढोबळमानाने ज्वलनशील कार्बन मोजतो, आणि ईथरमधील प्रत्येक ऑक्सिजन सुमारे एका कार्बनाचा प्रतिसाद हिरावून घेतो. म्हणजे दोन कार्बनांचा इथॉक्सी दुवा, ज्याचा भार ४४ आहे, शोधकाला एका मिथिलिन गटाएवढाच भासतो, ज्याचा भार १४ आहे. हिशोब करून पाहावा. बारा कार्बन व एक दुवा असलेल्या रेणूत (भार २३०) प्रभावी कार्बन तेरा, त्यात सिलिल गटाचे सुमारे तीन मिळवून सोळा. आठ दुव्यांच्या रेणूत (भार ५३८) वीस अधिक तीन, तेवीस. मूळ द्रव्याच्या समान वजनास दुसऱ्याचा प्रतिसाद पहिल्याच्या सुमारे तीनपंचमांश येतो. शिखरांची क्षेत्रफळे जशीच्या तशी वजनाची टक्केवारी म्हणून छापणारी कोष्टके या एका हिशोबाने निकालात निघतात. सिलिल गटाचा नेमका वाटा किती धरावा यावर मतभेद होऊ शकेल, परंतु त्याने निष्कर्षाची दिशा बदलत नाही. शिवाय हा दोष आधीच्या दोषाच्याच बाजूने झुकतो : लांब साखळ्या एक तर बाहेर येत नाहीत, आल्या तरी कमी दिसतात. उत्पादक जे सरासरी इथॉक्सीप्रमाण सांगतो त्यापेक्षा वर्णलेखातून काढलेले प्रमाण कमी का येते, याचे कारण अनेकदा उत्पादकाच्या अप्रामाणिकपणात शोधले जाते. ते आधी प्रयोगशाळेत शोधावे.

हायड्रोब्रोमिक अम्लाने छेदन केल्यास ईथर बंध तुटून अल्किल साखळीचे ब्रोमाइड व इथॉक्सी दुव्यांचे डायब्रोमोएथेन मिळते. साखळीची लांबी मग निर्विवाद कळते. दुव्यांची मात्र केवळ बेरीज कळते, वाटणी नाही, आणि त्या बेरजेत उत्पादनात तयार झालेले मुक्त पॉलिएथिलिन ग्लायकॉलही शिरते. म्हणून सिलिलीकरण व छेदन हे परस्परांचे प्रतिस्पर्धी नसून दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. एकाच नमुन्यावर दोन्ही केल्यावाचून इथॉक्सिलेटाचे वर्णन पुरे होत नाही.

अल्किलफेनॉल इथॉक्सिलेटांच्या बाबतीत वायु-वर्णलेखनाने जे यश मिळविले, त्याला या विषयाच्या इतिहासात तोड नाही. गिगर, ब्रुनर व शॅफ्नर यांनी १९८४ मध्ये स्वित्झर्लंडमधील शुद्धीकरण केंद्रांच्या गाळात नोनिलफेनॉल दाखविले, तेही किलोग्रॅममागे ग्रॅमच्या पातळीवर. मूळ प्रक्षालक विघटित होत होता. पण त्याची साखळी आखूड होता होता मागे राहणारे द्रव्य जलजीवांना मूळ द्रव्याहून अधिक घातक होते. मूळ द्रव्य मोजणारी पद्धती ‘विघटन समाधानकारक’ असेच सांगत राहिली असती. पुढे १९९१ मध्ये सोटो व सहकाऱ्यांनी प्लॅस्टिकच्या नळ्यांतून सुटलेल्या नोनिलफेनॉलचा स्त्रीसंप्रेरकासारखा परिणाम नोंदविला, आणि युरोपीय संघाने २००३ च्या निर्देशाने अनेक उपयोगांत ०.१ टक्क्याची मर्यादा घातली. येथे अनुजाताचे काम जवळजवळ गौण आहे. नोनिलफेनॉल व त्याचे एक-दोन दुव्यांचे इथॉक्सिलेट अनुजातावाचूनही स्तंभातून जातात. त्यांची कार्बॉक्सिलिक आम्ले मात्र मिथिल किंवा प्रोपिल एस्टर केल्यावाचून हाती लागत नाहीत. अनुजात करण्याचा कंटाळा करणाऱ्या अभ्यासकाला विघटनाचा अर्धाच भाग दिसतो, आणि प्राणवायुयुक्त पाण्यात तर पुष्कळदा ही आम्लेच मोठा वाटा उचलतात.

धनायनी द्रव्यांविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. चतुर्थक अमोनियम लवणे तप्त प्रवेशद्वारात मिथिल गट गमावून तृतीयक अमाइन होतात व ती अमाइने मोजली जातात. परंतु व्यापारी द्रव्यात तृतीयक अमाइन अशुद्धी म्हणून आधीच असते. ते वेगळे केल्याविना आलेला आकडा दोहोंची बेरीज आहे.

एक उदाहरण या देशाच्या घराघरांतले. रिठ्याचा सॅपोनिन हाही पृष्ठक्रियाकारकच. हेडेराजेनिनला अरॅबिनोज, ऱ्हॅम्नोज व झायलोज या शर्करा जोडलेल्या. अम्लाने जलविच्छेदन करून शर्करांचे व हेडेराजेनिनचे सिलिल अनुजात केले की घटक व त्यांचे प्रमाण कळते. शर्करा कोणत्या क्रमाने व कोठे जोडल्या होत्या, हे कळत नाही. फेस येण्याचे कारण तर अखंड रेणूत असते. तरीही अशा वर्णलेखावरून ‘सॅपोनिनचे प्रमाण’ काढून दोन झाडांच्या रिठ्यांची तुलना करण्यात येते. ती तुलना हेडेराजेनिनची आहे, एवढेच म्हणावे.

प्रयोगशाळेतील आचाराविषयी दोन शब्द अप्रस्तुत ठरू नयेत. सिलिलीकारक पाण्याशी आधी व नमुन्याशी नंतर क्रिया करतो. नमुना पुरता कोरडा नसेल तर शिखर उमटत नाही आणि ‘आढळले नाही’ अशी नोंद होते. हे शून्य द्रव्याचे नसून कृतीचे असते. काचसामान ज्याने धुतले जाते तोच शोधाचा विषय असल्याने कोऱ्या परीक्षेवाचून सल्फोनेटाचा सूक्ष्म आकडा मांडणे हास्यास्पद आहे. प्रमाणद्रव्याचे अनुजात शुद्ध विद्रावकात करावयाचे व नमुन्याचे गाळाच्या अर्कात, आणि दोहोंचा उतारा समान मानावयाचा, ही प्रथा तर सार्वत्रिक आहे. डायअॅझोमिथेन विषारी व स्फोटक म्हणून त्याऐवजी ट्रायमिथिलसिलिल डायअॅझोमिथेन वापरण्याचा सल्ला दिला जातो. तेही श्वासावाटे जीवघेणे आहे, हे २००८ मध्ये उत्तर अमेरिकेतील दुर्घटनांनी दाखविले. जेथे आम्ल व मिथॅनॉलने एस्टर होतो तेथे या दोहोंची गरज नाही.

१९९० नंतरच्या दशकापासून द्रव-वर्णलेखन व वस्तुमान-वर्णपटमापक यांची जोडी प्रचारात आली आणि अनुजातांचा खटाटोप आता कालबाह्य झाला, असे मत ऐकू येते. ते अर्धेच खरे आहे. इथॉक्सिलेटांच्या लांब साखळ्या व सल्फोफेनिल आम्ले त्या जोडीला सहज सापडतात, त्याबाबत वाद नाही. परंतु वीस सल्फोनेट समघटक अथवा तांत्रिक नोनिलफेनॉलमधील शाखाभेद वेगळे करण्याची शक्ती नेहमीच्या द्रवस्तंभात नाही. वस्तुमान समान असल्याने मापकही त्यांना एकच समजतो. शिवाय गाळाच्या अर्कातील इतर द्रव्ये आयनीभवन दडपतात व प्रतिसाद नमुन्यागणिक बदलतो. म्हणजे उताऱ्याची अनिश्चितता अनुजाताच्या कुपीतून उठून आयनस्रोतात गेली आहे. साखळीची लांबी व एकूण मात्रा हवी असेल तेथे द्रव-वर्णलेखन घ्यावे. समघटकांच्या प्रमाणावरून उगम अथवा विघटनाचा क्रम ठरवावयाचा असेल तेथे गंधक राखणारे ट्रायफ्लुओरोएथिल किंवा ब्युटिल एस्टर करून केशनलिकेचा स्तंभच वापरावा, आणि फॉस्फरिक अम्लाचे छेदन केवळ शुद्ध व्यापारी नमुन्यांपुरते ठेवावे.